पुढची चाकंही ओढायला लावायचीत? मग आधी गाडीखाली झोपा

नमस्कार मंडळी. या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेसेजमधे निम्मे प्रश्न एकाच गोष्टीचे निघाले, मागच्या चाकांवर चालणारा पिकअप फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारा, करता येतो का, आणि येत असेल तर किती डोकेदुखी आहे. त्यामुळे क्लच, बॅटरी, एसी वगैरे नेहमीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, नाराज होऊ नका. आज फक्त हाच विषय.

प्रश्न: दादा, माझा पिकअप सिंगल कॅब आहे, डिझेल, मॅन्युअल गिअर, मागची चाकं ओढतात. इंजिन एकदम ठणठणीत, चेसिसला कुठे गंज नाही, हौदा पण चांगला. शेताकडे जायचा शेवटचा तुकडा चढाचा आणि मातीचा आहे, ओलं झालं की गाडी तिथेच बसते, मागचं एक चाक गरगर फिरत राहतं. माझा मित्र म्हणतो की भंगारातून फोर बाय फोरचं पुढचं हौसिंग, म्हणजे दोन चाकांमधली गिअरवाली नळी, आणायचं, खाली बसवायचं, एक शाफ्ट जोडायचा, झालं. खरंच इतकं सोपं आहे का?

उत्तर: मित्राला माझा नमस्कार सांगा आणि त्याला विचारा की तो शाफ्ट मागे कशाला जोडायचा. कारण तुमच्या गिअरबॉक्समधून बाहेर येणारं तोंड एकच आहे आणि ते मागे बघतंय. पुढे ताकद न्यायची तर मधे ट्रान्सफर केस हवी, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारी ताकद घेऊन एक वाट मागे आणि एक वाट पुढे काढणारी पेटी. हौसिंग हा या कामातला दिसणारा भाग आहे, लग्नातल्या घोड्यासारखा, बाकी सगळी वरात त्याच्या मागे असते.

होतं का? होतं. मी दोन गाड्या पूर्ण केल्यात आणि एका गाडीत शिकाऊ म्हणून पाने पुसलेत. शिकाऊ होतो त्या पहिल्या गाडीची गोष्ट सांगतो म्हणजे तुमच्या मित्राचा मुद्दा आपोआप निकालात निघेल. तिथे आणलेल्या पुढच्या हौसिंगचा गोळा, म्हणजे क्राऊन-पिनियन ही शाफ्टची ओढ चाकांकडे वळवणारी गिअरची जोडी असलेला फुगीर भाग, डाव्या बाजूला होता आणि ट्रान्सफर केसचं पुढचं तोंड उजवीकडे निघत होतं. शाफ्ट तिरका जाऊन इंजिनच्या ऑईल चेंबरला घासत होता. उस्तादांनी डोकं लावलं, हौसिंग उलटं केलं, वरची बाजू खाली, म्हणजे गोळा आपोआप उजवीकडे. नळीची दोन्ही टोकं कापून परत सरळ वेल्ड केली, आठ दिवस त्यात गेले. मग गाडी चारही बाजूंनी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवली, फोर व्हील टाकलं, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. मागची चाकं पुढे जायला लागली आणि पुढची मागे. सगळे गप्प. हौसिंग उलटं केलं की क्राऊन पिनियनच्या दुसऱ्या बाजूला जातो, मग चाकाची दिशा फिरणारच, पण हे कळलं ते सगळं वेल्डिंग झाल्यावर. शिवाय ब्रीदर, म्हणजे हौसिंगमधली हवा सोडायचं तोंड, खाली आलेला, तो टपटप ऑईल गाळत बसलेला. ते हौसिंग पुढे बरीच वर्षं गॅरेजच्या दारात बसायला बाकडं म्हणून वापरलं.

त्यामुळे पहिली गोष्ट लक्षात घ्या, गोळा ज्या बाजूला त्याच बाजूला ट्रान्सफर केसचं पुढचं तोंड हवं. ही गोष्ट खरेदीच्या आधी बघायची, नंतर नाही.

आता गिअरबॉक्स. टू व्हील ड्राईव्हच्या गिअरबॉक्सची शेपटी लांब असते, आतला मेन शाफ्ट पण लांब आणि प्रोपेलर शाफ्टचं, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब शाफ्टचं, पुढचं तोंड त्यातच सरकत असतं. फोर बाय फोरच्या गिअरबॉक्सची शेपटी आखूड, कारण ट्रान्सफर केस तिथेच बोल्टने चिकटते. वरून दोन्ही सारखे दिसतात, नंबर पण जवळपास सारखा असतो, म्हणून माणूस फसतो. इथे तीन वाटा आहेत. एक, त्याच मॉडेलच्या फोर बाय फोर गाडीचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस जोडीनेच आणायची, ही सगळ्यात शहाणी वाट. दोन, आपलाच गिअरबॉक्स पूर्ण खोलून मेन शाफ्ट आणि शेपटीचं हौसिंग बदलायचं, हे ज्याला गिअरबॉक्स बांधता येतो त्यानेच करावं, आणि एवढं खोलल्यावर बेअरिंग आणि सिंक्रो रिंगा जुन्या ठेवायला जीव होत नाही म्हणून खर्च वाढतो. तीन, गिअरबॉक्सला हातच लावायचा नाही, ट्रान्सफर केस मागे चेसिसवर वेगळी टांगायची आणि मधे एक छोटा शाफ्ट टाकायचा.

ही तिसरी वाट जुगाड वाटेल पण आहे जुनी आणि इज्जतदार. अमेरिकेत १९५० च्या दशकात नॅपको नावाची कंपनी शेव्हर्ले आणि जीएमसीच्या पिकअपसाठी तयार किट विकायची, त्यात असंच होतं, मूळ गिअरबॉक्स तसाच आणि ट्रान्सफर केस वेगळी टांगलेली. किट इतकं जमलं की पुढे जनरल मोटर्सने ते स्वतःच्या ऑप्शनच्या यादीत घातलं, आणि १९६० च्या मॉडेलपासून स्वतःचं फोर बाय फोर काढलं. त्याच्याही आधी, १९३५ पासून, मार्मन-हेरिंग्टन ही कंपनी फोर्डचे ट्रक घेऊन त्यांना चारही चाकांची ओढ लावून द्यायची, फोर्डने स्वतःच्या कारखान्यात फोर बाय फोर पिकअप बनवायला १९५९ उजाडलं. फ्रान्समधे दांजेल म्हणून कंपनीने १९८० पासून पझो ५०४ चं तेच केलं, पिकअपसकट. सांगायचा मुद्दा, टू व्हीलचं फोर व्हील करणं हा एके काळी रीतसर धंदा होता, वेडेपणा नाही. फक्त ही मंडळी एकाच मॉडेलवर काम करायची, प्रत्येक ब्रॅकेट मोजून बनवलेलं असायचं, आणि तुम्ही भंगारातल्या तीन वेगवेगळ्या गाड्यांचे अवयव एकत्र आणणार आहात.

वेगळी ट्रान्सफर केस टांगताना शाफ्टचे कोन बिघडतात हे मात्र ध्यानात ठेवा. क्रॉस असलेला जॉईंट वाकून फिरतो तेव्हा तो एकसारख्या वेगाने फिरत नाही, एका फेरीत दोनदा जरा पुढे धावतो आणि दोनदा मागे राहतो. दोन टोकांचे कोन सारखे असले आणि दोन्हीकडचे काटे एका रेषेत असले की एकाचा झटका दुसरा खातो आणि शाफ्ट गुपचूप चालतो. नाहीतर ठराविक स्पीडला सीटखाली गुरगुर सुरू होते आणि लोक चाकं बॅलन्स करत बसतात. मधला शाफ्ट आखूड आणि कोन जास्त, म्हणजे तर हे हमखास. मागचा शाफ्ट पण आता आखूड करावा लागणार, तो कापून वेल्ड करून नुसता बसवू नका, बॅलन्सिंग करून घ्या, आणि पाटे पूर्ण दबले किंवा पूर्ण लोंबले तरी सरकायला जागा उरते का ते बघा.

आता पुढची बाजू, आणि खरं रडगाणं इथे आहे. तुमच्या गाडीला पुढे बहुतेक कॉईल स्प्रिंग आहे आणि शॉकॲब्जॉर्बर त्याच्या पोटातून खालच्या आर्मवर बसतो. फोर बाय फोरला नेमक्या त्याच जागेतून चाकाकडे जाणारा हाफ शाफ्ट जायला हवा. जागा एक, गिऱ्हाईकं दोन. म्हणून कितीतरी फोर बाय फोर पिकअपमधे कंपनीने पुढे कॉईल काढून टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे, दिलेले दिसतात. म्हणजे तुम्हाला आर्म बदलायचे, नकल, म्हणजे चाक धरून वळवणारा तुकडा, बदलायचं कारण तुमच्या नकलला आरपार भोकच नाही, हब बदलायचे, टॉर्शन बार अडकवायचा आडवा क्रॉसमेंबर हवा, आणि पुढचं डिफरन्शियल, म्हणजे शाफ्टची ताकद दोन चाकांत वाटणारा गोळा, टांगायला चेसिसवर पकडी हव्यात. इंजिनखाली डिफरन्शियल येणार म्हणून ऑईलचं चेंबर पण बऱ्याचदा वेगळ्या आकाराचं असतं, त्याच्याबरोबर ऑईल पंपाची जाळी. स्टीअरिंगचे दांडे, ब्रेकचे होज, सगळं हात लावल्याशिवाय राहत नाही.

म्हणून मी म्हणतो आधी गाडीखाली झोपा. टॉर्च घ्या आणि चेसिसच्या पुढच्या भागात बघा, न वापरलेली भोकं आहेत का, रिकाम्या पकडी आहेत का. काही मॉडेलमधे कंपनी एकच चेसिस दोन्हींना वापरते. टोयोटाचा प्री-रनर, इसुझूचा हाय-लँडर, फोर्ड रेंजरचा हाय-रायडर, हे सगळे टू व्हील असून उंचीला आणि सस्पेन्शनला फोर बाय फोरसारखे. असली गाडी असेल तर अर्धी लढाई जिंकलात, भाग आणायचे आणि बोल्ट करायचे. ठेंगणी, कॉईल स्प्रिंगवाली असेल तर चेसिसवर वेल्डिंग आलं, आणि चेसिसवरचं वेल्डिंग म्हणजे भांड्याला डाग देणं नव्हे, चुकीच्या जागी उष्णता दिली तर तिथूनच भेग जाते.

दुसरा पर्याय म्हणजे पुढे सरळ एक्सेल आणि पाटे. यांत्रिकी सोपी, मजबूत, चिखलात झकास, पण गाडी उंच होते, रस्त्यावर उड्या मारते, आणि स्टीअरिंगची सगळी भूमिती नव्याने बसवावी लागते. रोज सामान घेऊन डांबरी रस्त्यावर पळवायची असेल तर मी तरी करणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रेशो. पुढच्या आणि मागच्या हौसिंगचा क्राऊन-पिनियनचा रेशो एकच हवा. ४.१० म्हणजे शाफ्ट ४.१ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं, क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला १०. ४३ आणि १० असतील तर ४.३०. मागे ४.३० आणि पुढे ४.१० टाकलात तर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जवळजवळ पाच टक्के जोरात पळायला बघतात, म्हणजे शंभर मीटरमागे पाच मीटर कुणीतरी घासणार. चिखलात ते घासणं निभतं, डांबरावर टायर, क्रॉस नाहीतर ट्रान्सफर केसची चेन यातलं काहीतरी जातं. एखाद टक्का फरक चालून जातो, पाच नाही.

मोजायचं कसं ते सांगतो, भंगारवाल्याच्या तोंडी हमीवर जाऊ नका. साधं डिफरन्शियल असेल तर एका बाजूचं चाक किंवा ड्रम घट्ट बांधून ठेवा, पिनियनच्या फ्लँजवर खडूने रेघ मारा, दुसऱ्या बाजूचं चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि फ्लँज किती वेळा फिरला ते मोजा. एक बाजू बांधलेली असल्यामुळे चाकाच्या दोन फेऱ्या म्हणजे क्राऊनची एक फेरी, म्हणून दोन. पण ४.१ आणि ४.३ मधला फरक पाव फेरीपेक्षाही कमी, डोळ्याने चुकतो. म्हणून दोनऐवजी वीस फेऱ्या फिरवा, फ्लँज ४१ वेळा फिरला की ४३ वेळा, हा फरक आंधळ्यालाही कळेल. एक जण फिरवायला आणि एक जण मोजायला ठेवा, आणि मोजणाऱ्याशी बोलू नका. मी एकदा तीनदा मोजलं होतं आणि तिन्ही वेळा वेगळं आलं कारण शेजारी उभा असलेला माणूस क्रिकेटचा स्कोअर सांगत होता. लिमिटेड स्लिप, म्हणजे एका चाकाला एकट्याने मोकळं फिरू न देणारं डिफरन्शियल, असेल तर ही युक्ती चालत नाही, तिथे दोन्ही चाकं एकत्र एक फेरी फिरवून मोजा, नाहीतर झाकण खोलून सरळ दात मोजा.

एवढं वाचून घाम फुटला असेल तर माझा खरा सल्ला ऐका. सुटे भाग गोळा करत फिरू नका. तुमच्याच मॉडेलची, शक्यतो त्याच वर्षाची, मागून ठोकर खाल्लेली किंवा इंजिन गेलेली फोर बाय फोर पूर्ण गाडी बघा. कारण मोठे भाग सगळ्यांना आठवतात, काम अडतं ते बारक्या गोष्टींवर, ट्रान्सफरच्या लिव्हरचं बूट, फ्लोअरबोर्डमधलं भोक, वेगळं गिअरबॉक्सचं फाऊंडेशन, स्पीडोमीटरचा सेन्सर, तीन इंची एक विशिष्ट बोल्ट. पूर्ण गाडी शेजारी उभी असली की जे काढलं तेच बसवायचं. आणि अशी गाडी मिळाली की गणित करा, तिचंच इंजिन दुरुस्त करून किंवा तुमचं इंजिन तिच्यात टाकून तीच चालवणं स्वस्त पडतंय का. माझ्या अनुभवात दहातल्या आठ लोकांना ते, नाहीतर आपली विकून तयार फोर बाय फोर घेणं, स्वस्त पडतं. उरलेले दोघं हौशी असतात, त्यांना मी अडवत नाही, मी पण त्यातलाच.

आता तुमच्या पत्रातली एक ओळ परत वाचतो, "मागचं एक चाक गरगर फिरत राहतं". एक. म्हणून खालचा प्रश्न पण वाचा, तो दुसऱ्याचा असला तरी उत्तर तुमचं आहे.

प्रश्न: फोर बाय फोर न करता नुसतं मागे डिफरन्शियल लॉक टाकलं तर काम भागेल का? लोक वेगवेगळं सांगतात.

उत्तर: पिकअपच्या बाबतीत बऱ्याचदा भागतं. कारण समजून घ्या. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखीच ओढ देतं, कमी नाही जास्त नाही. मग एक चाक शेवाळावर असलं आणि ते अगदी थोड्या ओढीत घसरत असलं, तर कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढीच थोडी ओढ मिळते. म्हणजे चांगल्या चाकाची ताकद घसरणाऱ्या चाकाच्या लायकीने ठरते. त्यात रिकामा पिकअप म्हणजे इंजिन पुढे, कॅबिन पुढे, मागे नुसता पत्रा, ओढणाऱ्या चाकांवर वजनच नाही. ही गाडी पुढून जड पैलवान आणि मागून काडी पैलवान.

लॉक टाकलं की दोन्ही चाकं बांधली जातात आणि जिथे पकड आहे तिथे ओढ जाते. त्याच्या जोडीला तीन फुकट किंवा जवळपास फुकट गोष्टी करा. हौद्यात मागच्या एक्सेलच्या बरोबर वर वाळूची पोती, घट्ट बांधून, नाहीतर ब्रेक मारल्यावर ती कॅबिनकडे येतात. मऊ जमिनीवर टायरची हवा कमी करा, ३५ पीएसआय असेल तर १८-२० वर आणा, टायर पसरतो आणि जमिनीवर लांब पाऊल टेकतो, रस्त्यावर यायच्या आधी परत भरायची म्हणजे भरायचीच, कमी हवेवर पळवलं की टायर तापून फाटतो. आणि टायर मातीसाठी घ्या, गुळगुळीत हायवे टायरवर फोर बाय फोर पण लाजते.

हे सगळं करून महिनाभर चालवा. तरी बसली तर मग गाडीला खरंच चार चाकांची गरज आहे. पण लॉकच्या मर्यादा सांगून ठेवतो, चढावर पुढची चाकं चिखलात रुतली तर मागून ढकलून ती बाहेर येत नाहीत, फोर बाय फोरमधे तीच चाकं स्वतः वर चढतात. शिवाय ट्रान्सफर केसबरोबर लो रेंज, म्हणजे वेग कमी करून ओढ वाढवणारा जादा गिअर, मिळते, ते लॉकने मिळत नाही. पहिल्या गिअरचा रेशो ४, लो रेंज २.५ आणि हौसिंग ४.१ असेल तर गुणाकार ४१, लो रेंजशिवाय तो १६.४ च असतो. म्हणजे क्लच न जाळता मुंगीच्या चालीने चढता येतं आणि उतारावर ब्रेकला हात न लावता इंजिनवर उतरता येतं. सामान भरलेल्या पिकअपला मला विचाराल तर लो रेंज हीच फोर बाय फोरमधली खरी मिळकत आहे.

प्रश्न: सहा महिन्यांपूर्वी एका गॅरेजमधून माझी गाडी फोर बाय फोर करून घेतली. चिखलात मस्त चालते. पण रस्त्यावर फोर व्हील टाकून वळण घेतलं की स्टीअरिंग जड होतं, खालून कट्-कट् आवाज येतो आणि नंतर लिव्हर टू व्हीलला यायला तयारच होत नाही. गॅरेजवाला म्हणतो नवीन आहे, बसेल.

उत्तर: नवीन चप्पल बसते, ट्रान्सफर केस नाही. पण गॅरेजला शिव्या घालायच्या आधी सांगा, कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकलंच कशाला?

तुमच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मधे डिफरन्शियल नाही, फोर व्हील टाकलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. आणि वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. आकडा मांडून दाखवतो, व्हीलबेस ३ मीटर धरा आणि मागचा एक्सेल ६ मीटर त्रिज्येच्या गोलात वळतोय असं धरा, तर पुढच्या एक्सेलची त्रिज्या ६.७ मीटर येते. नुसत्या काटकोनी वळणात मागचा एक्सेल ९.४ मीटर जातो आणि पुढचा साडेदहा. एक मीटरपेक्षा जास्त फरक, आणि शाफ्ट बांधलेले, मग तो फरक जाणार कुठे? माती असेल तर टायर जरासे घसरून तो सोडवतात, तुम्हाला कळत पण नाही. डांबरावर टायर सोडत नाहीत, मग शाफ्ट ओल्या फडक्यासारखे पिळले जातात, ती पीळ सुटते तेव्हा कट् होतं. आणि पीळ असताना आतले दात एकमेकांवर इतके दाबलेले असतात की लिव्हर हलत नाही. चार-पाच मीटर सरळ रिव्हर्स घ्या, पीळ सुटते आणि लिव्हर येतो. लिव्हर ओढून वाकवू नका.

आता गॅरेजवाल्याची पाळी. मातीच्या सपाट सरळ रस्त्यावर फोर व्हील टाकून शंभर-दोनशे मीटर जा. सरळ जाऊनही लिव्हर अडकत असेल तर वळणाचा दोष नाही, मग एक तर रेशो वेगळे आहेत नाहीतर टायर वेगळे आहेत. टायर आधी बघा, पुढे नवे आणि मागे गुळगुळीत असले, किंवा साईज एका नंबरने वेगळी असली तरी हेच होतं. टायर सारखे असतील तर वर सांगितलेली खडूची रेघ आणि वीस फेऱ्या, गॅरेजवाल्यासमोरच.

प्रश्न: फोर बाय फोर केल्यावर ब्रेक जास्त चांगला लागेल ना?

उत्तर: नाही. ब्रेक आधीपासून चारही चाकांना आहे. उलट गाडी शे-सव्वाशे किलोने जड होते आणि ते वजन बहुतेक पुढे येतं, म्हणून फोर बाय फोरचे पुढचे ब्रेक मोठे असतील तर नकलसोबत तेही उचला. आणि तेवढंच वजन हौद्यात भरायच्या मालातून वजा होतं हे विसरू नका.

प्रश्न: पुढे लॉकिंग हब लावू की कायम जोडलेले ठेवू?

उत्तर: हाताने फिरवायचे हब मिळत असतील तर जरूर लावा. ते मोकळे केले की टू व्हीलमधे चालताना पुढचे हाफ शाफ्ट, डिफरन्शियल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरतच नाहीत, झीज वाचते, आवाज कमी, डिझेल थोडं वाचतं. वॉर्न कंपनीने १९४८ मधे हे सुरू केलं तेच मुळी युद्धातून उरलेल्या जीप रस्त्यावर चालवणाऱ्या लोकांसाठी. एकच त्रास, चिखलात शिरायच्या आधी उतरून दोन्ही हब फिरवावे लागतात. रुतल्यावर आठवलं तर हात कोपरापर्यंत चिखलात. मी ढगाकडे बघून घरातूनच फिरवून निघतो.

प्रश्न: माझा पिकअप नवीन आहे, एबीएस, स्टॅबिलिटी कंट्रोल सगळं आहे. मेकॅनिक म्हणतो लाईट पेटले तर बल्ब काढून टाकू.

उत्तर: मेकॅनिक बदला. कंपनीच्या फोर बाय फोरमधे लो रेंज टाकली की स्टॅबिलिटी कंट्रोलला तसा निरोप जातो आणि तो गप्प बसतो. तुमच्या गाडीच्या कॉम्प्युटरला ट्रान्सफर केस आहे हेच माहीत नाही, चाकं घसरली की तो इंजिनची ताकद कापणार, नेमकं चढावर, नेमकं नको तेव्हा. फोर बाय फोरचा हार्नेस (वायरींचा जुडगा), त्याचा मोड्यूल, चाकांचे सेन्सर आणि कोडिंग हे सगळं करू शकणारा माणूस आधी शोधा आणि मग पाना हातात घ्या. तो सापडत नसेल तर नवीन गाडीवर हा प्रयोग करू नका, माझ्या मते हे काम जुन्या, वायरी कमी असलेल्या गाडीचंच आहे.

प्रश्न: कागदपत्रांचं काय?

उत्तर: काम सुरू करायच्या आधी विचारायचं, नंतर नाही. गाडी नोंदणी करणाऱ्या कार्यालयात आणि विमा कंपनीत, दोन्हीकडे, आणि उत्तर लेखी घ्या. मंजुरी नसलेला बदल असेल तर अपघातानंतर विम्याचं भांडण सुरू होतं, आणि तेव्हा तुमचं वेल्डिंग कितीही सुबक असो, कोणी वाकून बघत नाही.

प्रश्न: काम पूर्ण झालंय, पहिल्यांदा कुठे आणि कशी चालवू? जरा भीती वाटतेय.

उत्तर: भीती वाटतेय ते बरं आहे. आधी चारही चाकं हवेत, गाडी मजबूत घोड्यांवर, जॅकवर नाही. पहिला गिअर, क्लच हळू, आणि एका माणसाने लांब उभं राहून बघायचं की चारही चाकं पुढेच फिरतायत (बाकड्याची गोष्ट वाचलीत ना). मग स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, हाफ शाफ्टचे बूट आणि ब्रेकचे होज कुठे ताणत किंवा घासत नाहीत ना. तिन्ही ठिकाणचं ऑईल वेगळं असतं हे पण तपासा, हौसिंगचं गिअर ऑईल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, आणि चेनवाल्या कितीतरी ट्रान्सफर केसमधे तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑईल लागतं, तिथे जाड ऑईल ओतून मोकळे झालेले लोक मी पाहिलेत.

मग अलाईनमेंट करून टू व्हीलमधेच पन्नासेक किलोमीटर चालवा, परत खाली झोपा, प्रत्येक बोल्टला पाना लावा, शाफ्टच्या फ्लँजचे तर नक्की. त्यानंतर मोकळ्या मातीवर फोर व्हील. चढ सगळ्यात शेवटी, आणि त्या दिवशी एकटे जाऊ नका, दुसरी गाडी आणि दोर सोबत हवा. जॅक आणि पाने सीटमागे ठेवा, हौद्यात तळाला नको, रुतलेल्या गाडीतून वाळूची पोती उपसून जॅक काढायची वेळ माझ्यावर आलीये.